चन्नवीरला आलेला फोन

चन्नवीर आता खिडकीशी थांबत नव्हता, हे काशम्माच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

मिलच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला टेलिफोन बोर्डाची खोली होती. खोली कसली, बोर्ड, एक खुर्ची आणि काशम्मा मावली की ती संपली. खोलीला एक लाकडी खिडकी होती आणि ती सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या बोळात उघडायची. नोव्हेंबर लागल्यापासून चन्नवीर दिवसातून तीनदा त्या खिडकीत डोकं घालत होता. पाळीवर येताना, जेवायच्या सुट्टीत आणि घरी जाताना. केसात कापसाची पिसं, हातात डबा, आणि एकच प्रश्न. "अव्वा, काही फोन?"

डिसेंबरची पंधरा तारीख गेली आणि तो प्रश्न बंद झाला. आता तो बोळातून जायचा, मान हलवायचा, कधी हसायचाही. पण थांबायचा नाही. चोवीस वर्षांचा मुलगा एवढ्यात विचारायचं सोडून देतो, याची धास्ती कुणाही आईला वाटली असती. काशम्माला ती जास्त वाटत होती, कारण अख्ख्या मिलमध्ये तिला आणि तिच्या शिपायालाच माहीत होतं की तो फोन येऊन गेला होता. तिनंच तो परत पाठवला होता.

तिच्या हातून असं काही होईल, हे तिला ओळखणाऱ्या कुणालाच खरं वाटलं नसतं.

काशम्मा बाळीवेशीतली. सोलापुरात तीस साली इंग्रजांनी मार्शल लॉ लावला तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिचे वडील गुरप्पा त्या दिवसांत बंदी घातलेली पांढरी गांधी टोपी घालून रस्त्यावर गेले आणि शिपायांनी त्यांना इतकं बडवलं, की डाव्या कानानं पुढं कधी त्यांना ऐकू आलं नाही. त्या घरात मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तो कान होता. पाहुणा आला की गुरप्पा त्याला उजवीकडं बसवायचे आणि डाव्या कानाची गोष्ट सांगायचे. त्याच कानाच्या जोरावर त्यांनी मुलीला कॉलेजात घातलं. भावकीतले लोक टोचून बोलायचे, "काय गुरप्पा, पोरीला कलेक्टर करायलास काय?" त्यावर ते म्हणायचे, "देश आपला व्हायलाय. शिकलेल्या बायका लागतील की."

देश आपला झाला तेव्हा काशम्मा एकोणीस वर्षांची होती. कॉलेजच्या मैदानावर झेंडा वर जाताना तिच्या मनात आलं होतं, आपल्या बापाला मार खावा लागला, आपल्या पोराबाळांना हे सगळं वाढलेल्या ताटासारखं मिळेल. तिला हा विचार इतका साधा आणि खात्रीचा वाटला होता, की तो तिनं कुणाला बोलूनसुद्धा दाखवला नाही.

ती बी.ए. झाली. लग्न झालं ते मिलमध्ये स्टोअरकीपर असलेल्या सिद्धप्पा हत्तुरेशी. माणूस मोठा गरीब स्वभावाचा. इंग्रजीत आलेलं कुठलंही पत्र तो घरी घेऊन यायचा आणि बायकोसमोर ठेवून म्हणायचा, "वाचा, मॅडम." त्याला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत तो गेला. चन्नवीर तेव्हा अकरा वर्षांचा होता. मिलच्या मॅनेजरांनी काशम्माला बोलावून एवढंच विचारलं, "इंग्रजी बोलता येतं ना?" आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कानाला बोर्डाचा हेडफोन लागला. गुरप्पा आपलं बाळीवेशीतलंच घर सोडून चार दारं पुढं मुलीकडं राहायला आले.

तेव्हापासून तेरा वर्षं तिनं दुसऱ्यांची बोलणी जोडली. आतल्या खात्याचा फोन बाहेर, बाहेरचा आत. या कामाचे दोनच नियम होते. जोडून दिल्यावर कान काढून घ्यायचा, आणि कुणाला फोन आला तर तो माणूस मिलमध्ये असेल तिथून शोधून आणायचा. त्यातही परगावाहून पी. पी. कॉल आला, म्हणजे अमुक एका माणसाशीच बोलायचं असं सांगून लावलेला फोन आला, तर फार जपायचं. तो माणूस हजर आहे म्हटलं तरच तो फोन पुढं जातो. नाही म्हटलं की तिथंच संपला. असे फोन बहुधा कुणाच्या मरणाचे असायचे, नाहीतर नोकरीचे. काशम्मा शिपायाला पळवायची. बिरदेव हा तिचा शिपाई, पन्नाशीचा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला. तो धापा टाकत गोदामापर्यंत जायचा आणि माणसाला दंडाला धरून आणायचा. तेरा वर्षांत एक पी. पी. कॉल तिनं वाया जाऊ दिला नव्हता.

चन्नवीर बी.एस्सी. झाला, मग त्यानं सूतकताईचा डिप्लोमा केला आणि त्याच मिलच्या साचेखात्यात सुपरवायझर लागला. साचेखातं म्हणजे जिथं सूत कातलं जातं ते खातं. ऑक्टोबरात मुंबईच्या एका कंपनीचा माणूस तिथं यंत्रांचे भाग बघायला आला होता. दोन दिवस त्याच्याबरोबर फिरून चन्नवीर घरी आला तो उडतच. ताटावर बसल्याबसल्या म्हणाला, "केनिया."

"काय?" काशम्मा म्हणाली.

"केनिया, अव्वा. नैरोबीपासून तासाभरावर नवी मिल निघालीय. साचे जपानी, कोरे करकरीत. आपले साचे कधीचे आहेत माहितीय का? अठ्ठावीस सालचे. तुझ्या वयाचे."

"चालतात की अजून."

"चालतात, पण कुरकुर किती करतात!"

गुरप्पांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून उजवा कान पुढं केला. "काय म्हणायलाय तो?"

"तुमची लेक कुरकुर करते म्हणायलोय, अज्जा."

"ते मला ह्याही कानानं ऐकू येतंय," म्हातारा डाव्या कानाला हात लावून म्हणाला आणि आजा-नातू दोघंही हसत सुटले.

काशम्मा हसली नाही. तिनं शेंगाचटणीचा डबा झाकून ठेवला. "किती दिवसांसाठी?"

"तीन वर्षांचा करार. पटलं तर वाढवतात. कुटुंबसुद्धा नेता येतं."

"मग?"

"मग काय? बरीच वर्षं राहिलं की तिथलं नागरिक होता येतं म्हणे. तो माणूस सांगत होता."

"युगांडात काय झालं ते वाचलंस ना? सहा वर्षं झाली फक्त. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपली माणसं. नव्वद दिवसांत निघा म्हणाले त्यांना. एकेक पेटी घेऊन विमानात बसली."

"केनिया म्हणजे युगांडा नव्हे."

"शेजार तर आहे?"

"असं कसं ग? शेजारी भांडकुदळ म्हणून कुणी गल्लीतच राहायचं नाही का?"

काशम्मानं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. चन्नवीर जरा वेळानं हळू आवाजात म्हणाला, "तुला आठवतं, बहात्तरच्या दुष्काळात मी जेऊरकडं रस्त्याच्या कामावर हजेरी घ्यायला गेलो होतो? हजार माणूस उन्हात खडी फोडत होता. बायका, म्हातारे. चार महिने फोडली. मागच्या महिन्यात त्या बाजूनं गाडीनं आलो. खडीचे ढीग तसेच आहेत, अव्वा. त्यांच्यावर गवत उगवलंय. रस्ता झालाच नाही." त्यानं ताटावर बोट फिरवलं. "इथं आठवड्यातून दोन दिवस वीज नसते. माणसं फाटकाशी येऊन परत जातात. मी काय करतो, तर तुटलेला धागा जोडतो आणि वीज गेली की वहीत लिहितो. मला एकदा चालणारी मिल बघायचीय. तुझा देश वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण खडी किती दिवस फोडायची?"

'तुझा देश' असं तो म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवसापासून काशम्माच्या मनाचे दोन तुकडे झाले. बोर्डावर बसल्या बसल्या एका तुकड्याला दिसायचं, चन्नवीर पांढरा शर्ट घालून लांबलचक स्वच्छ खात्यातून चाललाय, सगळे साचे एका सुरात फिरताहेत आणि त्याला खाली मान घालायचं काही कारणच नाही. दुसऱ्या तुकड्याला दिसायची त्याची मुलं. दोन मुलं, मुलगा आणि मुलगी, त्यांना चेहरे नाहीत. ती कुठल्यातरी उंच गवताच्या मुलखात शाळेत जाताहेत. त्यांना कन्नड येत नाही, मराठी येत नाही. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते, नंदीध्वज निघतात, हे ती फक्त ऐकून आहेत. कुणी त्यांना नकाशावर सोलापूर दाखवतं आणि ती बोट ठेवून म्हणतात, हे? इतकंसं? आणि मग एक दिवस त्या मुलखातलं कुणीतरी त्यांना म्हणतं, नव्वद दिवसांत निघा. ती कुठं जातील? जिथली होती तिथली त्यांची ओळख पुसलेली. जिथं राहिली तिथली तर कुणी दिलीच नाही. ज्या मुलांचा अजून पत्ता नव्हता त्यांच्यासाठी काशम्मा मनातल्या मनात एकेक पेटी भरायची.

घरी फोन नव्हता. मुंबईच्या माणसानं सांगितलं होतं, साहेबांशी बोलून मिलमध्ये फोन करतो, पंधरा डिसेंबरच्या आत. फोनवर पक्कं झालं की कागद पाठवू. नाही आला तर दुसऱ्या कुणाला घेतलं समजा. चन्नवीरचा पासपोर्ट तयार होता. तिथं उंचावर थंडी असते असं ऐकून त्यानं नव्या पेठेतल्या फुटपाथवर तिबेटी बाईकडून निळा स्वेटरसुद्धा घेऊन ठेवला होता.

बारा तारखेला, मंगळवारी, अकराच्या सुमाराला फोन आला.

"बाई, मुंबईचा पी. पी. आहे," एक्स्चेंजमधली मुलगी म्हणाली. "मिस्टर चन्नवीर हत्तुरे. आहेत का?"

बिरदेव दारातच उभा होता. बाईंच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की पी. पी. आहे. त्यानं पळायच्या तयारीनं धोतर आणखी वर खोचलं.

"नाहीत," काशम्मा म्हणाली.

पलीकडं खरखर झाली. मुलगी मुंबईशी काहीतरी बोलली आणि परत आली. "पार्टी विचारतेय, केव्हा भेटतील?"

पहिलं उत्तर तोंडातून निसटलं असं म्हणता आलं असतं. दुसऱ्याच्या आधी मात्र काशम्माला विचार करायला वेळ मिळाला होता. बोळात कुणीतरी सायकल टेकवत होतं, ती टेकवून होईपर्यंतचा वेळ.

"लांबच्या रजेवर आहेत," ती म्हणाली. "या महिन्यात नाही भेटणार."

"बरं. पार्टीनं नंबर ठेवलाय. पंधराच्या आत आले तर करायला सांगा." मुलीनं नंबर सांगितला आणि लाइन गेली.

बिरदेव हळूच म्हणाला, "बाई, सायेब हाईत की. आत्ताच साचेखात्यात बगून आलो मी."

"चहा आणतोस का?"

"आनतो. पर सायेब..."

"बिरदेव."

"व्हय व्हय. च्या."

तो गेला आणि दोन कप चहा घेऊन आला. एक तिच्यासमोर ठेवला. दुसरा हातात घेऊन तो दाराबाहेर जाऊन बसला. एरवी तो चहा पिताना लेकीच्या, म्हशीच्या, गावच्या सरपंचाच्या गोष्टी सांगायचा. त्या दिवशी त्यानं नुसते घोट घेतले. दुपारी जेवायच्या सुट्टीत खिडकीत डोकं आलं. "अव्वा, काही फोन?"

"नाही रे," काशम्मा म्हणाली.

सोळा तारखेला संध्याकाळी चन्नवीर घरी आला, हातपाय धुतले आणि आईजवळ येऊन बसला. "राहिलं, अव्वा. त्याला माझं इंग्रजी पसंत पडलं नसणार. मी बोलताना अडखळतो ना. मोठ्या कॉलेजातली पोरं असतील, त्यांच्यापुढं आपण कुठं?"

"असं काही नाही."

"नाही, खरंच. आणि तुला बरंच झालं की. अज्जाकडं कोण बघणार होतं?" तो हसला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू नको वाईट वाटून घेऊ."

तिला वाटलं होतं, हा दिवस आला की आपल्या छातीवरचं ओझं उतरेल. तिनं त्याच्या आवडीच्या शेंगापोळ्या केल्या. त्यानं दोन खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाला. तो तिचीच समजूत घालत होता आणि ती घालून घेत होती. पोळीचं पुरण तिच्या तोंडात फिरत राहिलं.

दोन-तीन दिवसांनी बोळातच मॅनेजरांनी चन्नवीरला गाठलं. एक साचा सकाळपासून बंद होता. काशम्मा खिडकीआड बसलेली. मॅनेजर चारचौघांत चढ्या आवाजात बोलत होते. मागच्या महिन्यात असं झालं असतं तर चन्नवीरनं तीन कारणं सांगितली असती, चौथं विचारलं असतं, वर सुटा भाग कधी येणार म्हणून त्यांनाच पेचात पकडलं असतं. आता तो म्हणाला, "हो, साहेब. चुकलं, साहेब." चूक त्याची नव्हती. काशम्माला साच्यांमधलं काही कळत नव्हतं, पण आपल्या मुलाचा आवाज कळत होता. तो आवाज एका आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

रविवारी त्यानं तो निळा स्वेटर तिच्या हातात दिला. "परत घेते का बघ ती. नाहीतर अज्जाला होईल."

नव्या पेठेत फुटपाथवर दोरीला स्वेटर टांगून तिबेटी बाई बसली होती. काशम्माच्याच वयाची, गालांवर सुरकुत्यांचं जाळं, दोन वेण्या. काशम्मानं हिंदीत सुरुवात केली. बाईनं तिच्या कपाळावरची विभूती बघितली आणि सरळ कन्नडमध्ये विचारलं, "काय पाहिजे, अक्का?"

काशम्मा चकितच झाली. "तुम्हाला कन्नड येतं?"

"मुंडगोडला राहतो आम्ही. बारा वर्षं. मका लावतो. थंडीत इकडं येते विकायला." तिनं स्वेटर उलटासुलटा केला. "घातलेला नाही. का परत करता? लहान होतो?"

"नाही. मुलगा परदेशी जाणार होता. आता जात नाही."

"का?"

 काशम्मा दोरीवरचे स्वेटर चाचपत राहिली. मग तिनंच विचारलं, "तुम्हाला मुलं?"

"एक मुलगा. पाठीवर बांधून आणला होता, डोंगर उतरून."

"त्याला आठवतं तिकडचं?"

"काही नाही. मी सांगते तेवढंच. बर्फ सांगितलं की हसतो. म्हणतो, अम्मा, तुझ्या गावात बर्फ, माझ्या गावात मका." बाई स्वतःच हसली, मग हसता हसता थांबली. "रात्री कधी वाईट वाटतं. माझी आई तिकडंच राहिली. तिनं सांगितलं होतं, पोराला घे आणि नीघ, मागं बघू नको. मी बघितलं."

"मग तो आता कुठला म्हणायचा, तुमचा मुलगा?"

"मला काय विचारता, अक्का? त्याला विचारा. हुबळीला ट्रक दुरुस्तीचं शिकतोय." तिनं स्वेटरची घडी घातली आणि काशम्माच्या हातात परत ठेवली. "विकलेला माल मी परत घेत नाही. असू द्या. थंडी सगळीकडं असते."

घरी येताना काशम्माला रस्त्यात कोण भेटलं, कुणाला काय उत्तर दिलं, काही आठवलं नाही. चन्नवीर बाहेर गेला होता. गुरप्पा दारापुढच्या कट्ट्यावर उन्हाला बसले होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, डाव्या बाजूला. स्वेटर मांडीवर ठेवून ती बोलायला लागली. जे कुणाला सांगायचं धाडस नव्हतं ते तिनं त्या बंद कानात सांगितलं. मंगळवारचा फोन, नाहीत म्हटलेलं, लांबची रजा, मुंबईचा नंबर, सगळं. म्हातारा समोर रस्त्याकडं बघत होता.

तिचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ह्या कानाकडं बसून बोलायलीस म्हणजे काहीतरी मोठं असणार. आता हिकडं ये आणि पुन्हा सांग."

ती उठून उजवीकडं बसली आणि पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते फार थोडं होतं. दोन वाक्यांत संपलं.

गुरप्पांनी तिच्या मांडीवरचा स्वेटर उचलून आपल्या मांडीवर घेतला. मग म्हणाले, "त्या टोपीच्या दिवशी माझ्या बापानं मला कोठीत कोंडलं होतं, माहितीय का तुला?"

"नाही." पन्नास वर्षं ती गोष्ट ऐकत आली होती. त्यात कोठी कधीच नव्हती.

"बाहेरनं कडी घातली. टोपी काढून घेतली. लग्न झालेला माणूस मी, तू दोन वर्षांची, आणि पोरासारखा आत कोंडलेला. दुपारी बाप डुलकी काढायला लागला तेव्हा अव्वानं कडी काढली."

"आजीनं?"

"टोपी आणून हातात दिली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, भाकरी खाऊन जा." त्यांनी डावा कान चोळला. "मला घरी उचलून आणलं तेव्हा महिनाभर रडली ती. बाप तिला रोज बोलायचा, तुझ्यामुळं झालं. ती ऐकून घ्यायची. पण कडी मी काढली नाही, असं कधी म्हणाली नाही."

"तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत, अप्पा."

"लोकांना कानाचं सांगत बसलो. तिचं तेवढं सांगायचं राहिलं." मग ते म्हणाले, "पोरगं गेलं तर मलाही ते पुन्हा दिसायचं नाही, काशे. मी काय तीन वर्षं थांबायलोय?"

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. 

सोमवारी मुंबईच्या कचेऱ्या नाताळसाठी बंद होत्या; मंगळवारी ती भोंग्याच्या आधीच मिलमध्ये पोचली. हेडक्लार्क महिपतरावांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. "मला एक खासगी ट्रंक कॉल करायचाय. मुंबईला."

महिपतरावांनी चष्मा वर केला. "बाई, तेरा वर्षांत तुम्ही बोर्डावरून स्वतःसाठी शेजारच्या पेठेतसुद्धा फोन केला नाही. सगळं ठीक आहे ना? कोण आजारी आहे?"

"आजारी कुणी नाही. मुलाचं काम आहे."

"करा की मग. विचारता काय?"

ती बोर्डापुढं बसली. मुंबईचा नंबर तिनं त्या दिवशी लिहून घेतला नव्हता. मुद्दामच. पण बोर्डावरच्या बाईला नंबर विसरायची सोय नसते. ज्यांच्या पेढ्या कधीच्या बुडाल्या त्यांचेही तिला पाठ होते. हा तर चौदा दिवस पहाटे जाग आल्याबरोबर समोर उभा राहायचा. एकदा तिला वाटलं, आधी आपणच करून बघावा. जागा अजून असेल तर चन्नवीरला सांगू, गेली असेल तर सांगायचं कारणच काय? जागा गेलेलीच असू दे, असंही मनाचा एक तुकडा म्हणाला. तिनं त्याला म्हणू दिलं. मग तिला चारचौघांतला तो आवाज आठवला, चुकलं साहेब म्हणणारा. आपल्याला कुणी नको म्हटलं असं त्याला वाटत होतं. मुंबईनं काहीही उत्तर दिलं, तरी त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं एवढं तरी त्याचं त्याला परत द्यायला हवं होतं. आणि ते मुंबईकडून येणार नव्हतं.

"बिरदेव," तिनं हाक मारली.

"जी, बाई."

"साचेखात्यात जा. चन्नवीर साहेबांना म्हणावं, बोर्डावर बोलावलंय."

बिरदेवनं तिच्याकडं नीट बघितलं. "फोन आलाय व्हय?"

"आला होता. तुला माहितीच आहे. आता आपण लावायचाय."

"मंग पळतोच की," म्हणत त्यानं धोतर वर खोचलं आणि पन्नाशीचा माणूस बोळातून खरोखरच पळत सुटला. "सरका ओ, सरका, लई अर्जंट काम हाय!"

काशम्मानं हेडफोन कानाला लावला आणि कॉर्ड बाहेरच्या लाइनीत खुपसली.

"बोला बाई," एक्स्चेंजमधली तीच मुलगी होती.

"मुंबई पाहिजे. अर्जंट." तिनं नंबर सांगितला. बोळाच्या टोकाला बिरदेवच्या मागून येणारी चप्पल तिला ऐकू आली. "पण पाच मिनिटांनी लावा. आधी मला इथंच एकाशी बोलायचंय."